एक्सस्टार्टमध्ये अडकलेला पाऊण तास

सिस्को कंपनीच्या सीसीआयई एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर या नेटवर्किंगमधल्या प्रमाणपत्राच्या लॅब परीक्षेत मी बंगळुरूला नापास झालो, त्याला आता चार महिने झाले. परीक्षा आठ तासांची असते. पहिले तीन तास नेटवर्कच्या आखणीविषयीच्या प्रश्नांचे आणि पुढचे पाच तास प्रत्यक्ष राउटर-स्विचवर काम करण्याचे. दोन्ही भागांत किमान गुण मिळवावे लागतात. शिवाय दोन्हींची बेरीजही ठरलेल्या गुणांच्या वर असावी लागते. आखणीचा भाग मला जमला, पुढच्या पाच तासांत मी कमी पडलो. शुल्क १,६०० डॉलर, म्हणजे पुण्याहून जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च सोडूनही सव्वा लाखाच्या पुढे. ते पैसे घरात सगळ्यांशी बोलून बाजूला काढलेले होते, त्यामुळे नेमके काय चुकले हे आधी स्वतःला नीट सांगता यावे असे मला मनापासून वाटत होते.

सुरुवातीला मी विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘वेळ पुरला नाही’ असे सांगत होतो. ते खोटे नव्हते, पण वेळ कुठे गेला हे त्यातून कळत नव्हते. दीड वर्ष मी रोज पहाटे दोन तास सराव केला होता आणि तो जवळजवळ सगळा कॉन्फिगरेशन, म्हणजे राउटरला द्यायच्या सूचना, लिहिण्याचा होता. डीएमव्हीपीएन म्हणजे मुख्य कार्यालय आणि शाखा यांना सुरक्षित आभासी मार्गांनी (टनेल) जोडण्याची पद्धत. तिचा हब (मुख्य राउटर) आणि दोन स्पोक (शाखांचे राउटर) मी कागद न पाहता उभे करू शकत असे. या वेगाचाच मला भरवसा होता.

परीक्षेतील प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार असतो, म्हणून त्याच जातीची चूक माझ्या घरच्या लॅबमधल्या मांडणीवर सांगतो. हबच्या आणि पहिल्या स्पोकच्या टनेल इंटरफेसवर मी आयपी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४०० दिला होता. दुसऱ्या स्पोकवर ती ओळ राहून गेली, त्यामुळे तिथे मूळचाच मोठा एमटीयू राहिला. टनेलवर ओएसपीएफ (शेजारच्या राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) चालू केल्यावर पहिला स्पोक लगेच ‘फुल’ झाला, म्हणजे पूर्ण जोडला गेला, आणि दुसरा त्याआधीच्या ‘एक्सस्टार्ट’ या अवस्थेत अडकून राहिला. मी ती अवस्था पाहिली, मनात ‘नेबर येत नाही’ एवढेच नोंदवले आणि सवयीप्रमाणे आयपीसेकची (टनेलच्या सुरक्षेची) की, मग एनएचआरपी (स्पोकचे पत्ते शोधून देणारा भाग), मग ऑथेंटिकेशन (ओळख पटवणे) असे एकेक तपासत गेलो. सगळे बरोबर होते, म्हणून सगळे पुसून पुन्हा लिहिले. यात पाऊण तास गेला.

वास्तविक उत्तर पडद्यावर होतेच. ओएसपीएफचा शेजारी एक्सस्टार्टपर्यंत पोहोचला याचा अर्थ दोघांची हॅलो पॅकेट्स (ओळख करून देणारे पहिले संदेश) एकमेकांना मिळाली आहेत. म्हणजे टनेल चालू आहे, की जुळली आहे, एरिया, हॅलो आणि डेड टायमर, ऑथेंटिकेशन हे सारे जुळले आहे. एमटीयू हॅलोमध्ये नसतो. तो त्यानंतरच्या डेटाबेस डिस्क्रिप्शन (आपल्याकडच्या माहितीची यादी देणाऱ्या) पॅकेटमध्ये असतो, आणि त्यात आपल्यापेक्षा मोठा आकडा दिसला की राउटर ते पॅकेट नाकारतो. तेव्हा त्या एका शब्दाने माझ्या तपासणीच्या यादीतल्या बहुतेक ओळी खोडल्या होत्या. हे मला पाठ होते, विचारले असते तर मी समजावूनही सांगितले असते. पण पाहिलेल्या अवस्थेवरून मागे काय काय घडून गेले असेल याचा विचार करण्याचा सराव मी कधी केलाच नव्हता.

दुसरी चूक वेगळी आहे आणि मला ती अधिक गंभीर वाटते. दोन राउटरांवर ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी (मार्ग कळवण्याचीच दुसरी पद्धत) यांच्यात दोन्ही बाजूंनी रीडिस्ट्रिब्युशन, म्हणजे एकातले मार्ग दुसऱ्यात आणणे, करायचे असले की ईआयजीआरपीच्या बाह्य (बाहेरून आणलेल्या) मार्गांची काळजी घ्यावी लागते. त्यांचे अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (जितके कमी तितका मार्ग विश्वासार्ह) १७०, ओएसपीएफचे ११०. पहिल्या राउटरने असा मार्ग ओएसपीएफमध्ये आणला की दुसऱ्या राउटरला तोच अधिक विश्वासार्ह वाटतो, तो आपला मूळ मार्ग सोडतो आणि पुढे लूप तयार होऊ शकतो, म्हणजे पॅकेट्स गोल गोल फिरत राहू शकतात. म्हणून मार्गांना टॅग (ओळखीची खूण) लावून ते दुसरीकडे अडवायचे आणि डिस्टन्सकडेही लक्ष द्यायचे. मी टॅग लावले, त्या कामापुरते पिंग करून (पत्त्यापर्यंत पोहोचता येते का ते) पाहिले आणि पुढे गेलो. त्यामुळे आधी पूर्ण झालेले, तपासलेले एक काम बिघडले आहे हे शेवटची दहा मिनिटे उरली असताना लक्षात आले. इथे सगळी कामे एकाच नेटवर्कवर होतात. काही तासांपूर्वीची खात्री नव्या कॉन्फिगरेशननंतर खात्री राहत नाही.

निकालपत्रात विभागवार टक्केवारी असते, कोणते काम चुकले ते नसते. म्हणून परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी फक्त माझ्या चुका वहीत उतरवल्या. आठवण ताजी असताना हे केले हे फार बरे झाले, कारण पुढच्या आठवड्यात माझ्याच मनाने त्यांना सोयीची कारणे शोधायला सुरुवात केली होती. पुन्हा बसण्यापूर्वी तीस दिवस थांबावेच लागते. मी मुद्दाम त्याहून बराच अधिक काळ घेतला आहे.

आता सरावाचे स्वरूप बदलले आहे. दर रविवारी ऑफिसमधला एक सहकारी माझी चालू असलेली लॅब घेतो, तीत सहा दोष घालून परत देतो आणि पहिली पंधरा मिनिटे मला फक्त ‘शो’ कमांड (काही न बदलता स्थिती दाखवणाऱ्या) वापरण्याची मुभा देतो. या पंधरा मिनिटांत मी प्रत्येक बिघाडापुढे दोन गोष्टी लिहितो: इथपर्यंत काय नीट झाले असलेच पाहिजे, आणि म्हणून काय तपासायची गरज नाही. प्रत्येक कामानंतर आधीच्या सगळ्या पत्त्यांना पिंग करणारी एक छोटी स्क्रिप्टही मी आता न चुकता चालवतो. सुरुवातीला हे फार संथ वाटले आणि हात कॉन्फिगरेशन मोडकडे वळत राहिले, पण तीन-चार रविवारांनंतर ती घाई कमी झाली. गेल्या रविवारी सहापैकी चार दोष वेळेत सापडले. राहिलेले दोन्ही मल्टिकास्टचे (एकच माहिती एकाच वेळी अनेकांना पाठवण्याचे) होते, आरपीएफ तपासणी (पॅकेट योग्य बाजूने आले का हे राउटरने पाहणे) कुठे फसते आहे हे मला अजून पटकन दिसत नाही, आणि ते दिसू लागेपर्यंत मी पुढची तारीख घेणार नाही.