आवाज नसलेली टेप

अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघात, खेळाडूनिवडीच्या विभागात मी काम करते. सांगलीत संख्याशास्त्र शिकले, पुढच्या शिक्षणासाठी इकडे आले आणि फिरत फिरत या खेळात शिरले. गेली सात वर्षं माझ्याकडे रनिंग बॅक आहेत. चढाई चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू घेऊन समोरच्या माणसांच्या भिंतीतून वाट काढतो तो रनिंग बॅक. कॉलेजात धावलेला मुलगा एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही धावेल का, हे एप्रिलमधल्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजातली मुलं निवडतात त्याच्या, आत सांगायचं, हे माझं काम.

हे ओळखणं अवघड का, ते इतरांना सहसा कळत नाही. दोन्हीकडे मैदान सारखंच, १६० फूट रुंद. पण चेंडू जिथून खेळात येतो त्या हॅशच्या खुणा कॉलेजात ४० फूट अंतरावर असतात आणि एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू एका खुणेवर असला की रुंद बाजूला पळायला १०० फूट मिळतात, इथे जेमतेम ८९. कडेने वळसा घालून जाणारे कितीतरी वीर या अकरा फुटांत संपलेले मी पाहिले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे, चेंडू पुढे फेकायचा, म्हणजे पास जाणार असेल तरी कॉलेजात लाइनमनला, म्हणजे चेंडूपुढे भिंत करणाऱ्या पाच जणांना, तीन यार्ड पुढे घुसायची मुभा आहे, इथे एकाच यार्डाची. त्यामुळे तिथला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागचा खेळाडू, पास येतोय की धाव, या घोळात जागीच खिळतो आणि रनिंग बॅकला आयती वाट मिळते. ती वाट त्याने स्वतः काढली की त्याला कुणी काढून दिली, हे आकड्यांत दिसत नाही.

२०१२ची जोडी आमच्यापैकी कुणी विसरत नाही. क्लीव्हलंड ब्राउन्सनी अलाबामाचा ट्रेंट रिचर्डसन तिसऱ्याच क्रमांकावर घेतला आणि दीड वर्ष व्हायच्या आत इंडियनापोलिसला देऊन टाकला. एनएफएलमधली त्याची सरासरी दर धावेमागे ३.३ यार्डांवर थांबली. त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १७३व्या क्रमांकावर वॉशिंग्टनने फ्लोरिडा अटलांटिकचा आल्फ्रेड मॉरिस उचलला. त्याने पहिल्याच हंगामात १,६१३ यार्ड काढले. तिथली ब्लॉकिंगची, म्हणजे समोरच्यांना अडवण्याची पद्धत त्याच्या पायांना बसत होती, शिवाय क्वार्टरबॅक स्वतःच पळणारा असल्याने बचावाला दोघांवर डोळा ठेवावा लागे. रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीचंही तसंच. न्यूयॉर्क जायंट्सकडच्या शेवटच्या हंगामात ९६२ यार्ड, आणि पुढच्याच वर्षी, २०२४मध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सच्या लाइनमागे २,००५. तेच पाय, फक्त पुढची पाच माणसं वेगळी. तरी आमच्या बैठकांत पहिला प्रश्न असतो तो चाळीस यार्ड पळायला लागणाऱ्या वेळेचाच.

ज्या मुलाबद्दल मला सांगायचंय, त्याची ही वेळ होती ४.६१ सेकंद, वजन २०८ पौंड. वजनाला २००ने गुणून वेळेच्या चौथ्या घाताने भागलं की जो स्पीड स्कोअर निघतो, तो आला ९२. शंभर म्हणजे साधारण. एवढ्यावर अर्ध्या खोलीने त्याला सोडून दिलं होतं.

मी सोडलं नाही, ते एका सामन्यामुळे. बाहेरचं मैदान, समोर तगडा बचाव, १७ धावा आणि ३८ यार्ड. कागदावर त्याचा सगळ्यात वाईट दिवस. मी त्या सतराही धावा दोन्ही कोनांतून, फ्रेम फ्रेम पुढे सरकवत बघितल्या. अकरा वेळा त्याला पहिला धक्का स्वतःच्याच बाजूला, लाइनच्या मागे बसला होता. एका धावेत तो चेंडू घेऊन सरळ लाइनमधल्या गार्डच्या पाठीवर गेला, इतका जवळ की आता धडकणार असं वाटावं. लाइनबॅकर तिकडे ओढला गेला आणि त्याने शेवटच्या पावलाला टाच वळवून सेंटरच्या, म्हणजे लाइनमधल्या मधल्या माणसाच्या, मागून वाट धरली. यार्ड मिळाले चार. पण ते चार यार्ड तिथे नव्हतेच, त्याने तयार केले. घाई न करता लाइनला शेवटपर्यंत चिकटून राहणं आणि लाइनबॅकरला आधी चुकू देणं शिकवून फार थोड्यांना येतं. सतरापैकी चौदा निर्णय मी बरोबर धरले. दुसऱ्या कुणाचीही धाव मला त्या वर्षी इतकी आवडली नव्हती.

त्याच सामन्यात मी एक खेळी त्याच्या खात्यावर चूक म्हणून लिहिली.

रनिंग बॅकला पासच्या वेळी क्वार्टरबॅकला राखायचंही असतं. चढाई करून येणाऱ्यांत आतला आधी, बाहेरचा नंतर, हा नियम. कारण आतल्याची वाट जवळची. त्या खेळीत उजवीकडून दोघे आले, आतून लाइनबॅकर आणि बाहेरून कॉर्नर, म्हणजे कडेचा बचावपटू. आमचा मुलगा बाहेरच्याकडे गेला. लाइनबॅकर मोकळा आत शिरला आणि क्वार्टरबॅक आडवा. त्या हंगामातल्या राखणीच्या ७१ खेळींत मी त्याच्या अशा आठ चुका मोजल्या. आठ फार होतात.

ड्राफ्टआधी प्रत्येक संघ तीस मुलांना आपल्या आवारात बोलावू शकतो. त्यांत तो आला. आमच्या प्रशिक्षकाने त्याच्या हातात मार्कर दिला आणि पाच खेळी मांडायला सांगितल्या. चार त्याने न अडखळता मांडल्या, कोण कुणाला घेणार हे लाइनच्या डाव्या टोकाच्या टॅकलपासून सांगत. पाचवी हीच.

"नियम काय आहे?"

"आतून बाहेर, कोच."

"मग तू बाहेर का गेलास?"

फळ्यावर लाइनमन गोलाने काढतात, फक्त सेंटर चौकोनाने. त्याचा मार्कर त्या चौकोनावर थांबला होता. मी शेजारीच बसले होते, मला ते दिसलं.

"चूक माझी होती, कोच. मी उशिरा पाहिलं."

प्रशिक्षकाने वहीत लिहिलं: चूक कबूल करतो, पण दबावाखाली नियम सुटतो. मीही त्याला दिलेला दर्जा पाचव्या फेरीवरून 'ड्राफ्टमध्ये नको'वर आणला. सही माझी आहे.

ड्राफ्ट तीन दिवस चालतो. शुक्रवारी रात्री, दुसरा दिवस संपल्यावर, एका सहकाऱ्याने त्याच सामन्यातल्या त्या लाइनबॅकरच्या खेळी मागितल्या. शनिवारी चौथ्या ते सातव्या फेरीत त्याला घ्यायचा विचार चालू होता. आमच्या टेपची त्या भागाची फाइल उघडेना, म्हणून मी टीव्हीवरचं प्रक्षेपण काढलं. इथे एक सांगायला हवं. आम्ही वापरतो त्या टेपमध्ये बावीसही खेळाडू दिसतात, पण तिला आवाज नसतो. सात वर्षं मी हा खेळ मुका बघत आले. प्रक्षेपणाला मात्र आवाज होता.

स्नॅपच्या, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्याच्या, आधी क्वार्टरबॅक ओरडला, "रॉजर! रॉजर!" मग गर्दीचा आवाज वाढला आणि पुढचं सगळं बुडालं. मी तीनदा मागे नेलं. रॉजर म्हणजे उजवीकडे. त्याने राखणीची दिशा बदलली होती. सेंटरने उजवीकडे वळायचं, म्हणजे उजवा गार्ड लाइनबॅकरला घ्यायला मोकळा, आणि बॅकने बाहेरचा कॉर्नर घ्यायचा. सेंटरला ते ऐकूच गेलं नाही. तो डावीकडे गेला आणि रिकाम्या जागेला धरून उभा राहिला. उजव्या गार्डला सेंटरच्या वाटचा माणूसही अडवावा लागला. एवढ्या वेळा पाहिलेल्या चित्रात तो सेंटर रिकामा उभा होता आणि मी त्याला लाइनची साधी चूक समजले होते. आमच्या मुलाने जे करायचं तेच केलं होतं. फळ्यासमोरही त्याला ते पक्कं ठाऊक होतं. सेंटरचं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून त्याने आपलं घेतलं.

रात्री दोन वाजेपर्यंत जमतील तेवढ्या खेळी मी आवाजासह पुन्हा पाहिल्या. आठांपैकी तीन चुका त्याच्या नव्हत्या. दोन अजून ठरत नाहीत, तिथे फक्त गोंगाट आहे.

शनिवारी सकाळी मी हे विभागप्रमुखांना दाखवलं. त्यांनी शांतपणे दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "एका खेळीवरून क्रमवारीच्या फळ्यावरची नावाची पट्टी हलवत नाही." ती खाली गेली होती एका खेळीवरूनच, त्यांच्याच समोर. मी हेही बोलले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. पण तीन महिन्यांच्या बैठकांनी जो क्रम लागतो, तो शेवटच्या दिवशी हलवायची भीती त्या खोलीत प्रत्येकाला असते आणि तिला शिस्त म्हणतात, हे मला मान्य नाही. वीस मिनिटं एका पोराला फळ्यापुढे उभं करून त्याची समज मोजायची आमची पद्धतही मला आता पटत नाही. त्याने खरं सांगितलं असतं, तर कदाचित 'दुसऱ्यावर ढकलतो' असं लिहिलं गेलं असतं.

सहाव्या फेरीत दुसऱ्या संघाने त्याला घेतलं.

आता त्याचे दोन हंगाम झाले. धावायला त्याला क्वचित मिळतं, पुढे दोन चांगले बॅक आहेत. पण तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, पास नक्की असतो तेव्हा, तोच मैदानात असतो. आता मी त्याच्या खेळी आवाज लावून बघते. गेल्या मोसमात एकदा आतून लाइनबॅकर आला आणि याने खांदा खाली घालून त्याला छातीत असा धरला की क्वार्टरबॅकला चेंडू फेकून हात खाली आणायलाही वेळ मिळाला. त्या खेळीचा आकडा त्याच्या नावावर कुठेही पडत नाही.

आमच्या नोंदवहीत यशाची व्याख्या आहे पहिल्या तीन हंगामांत १,५०० यार्ड. त्याला ते जमणार नाहीत हे आजच दिसतंय. म्हणजे माझी 'नको'ची सही बरोबर ठरेल, आणि ती पुढच्या अंदाजासाठी आधार म्हणून वापरलीही जाईल. वर्षअखेरीला प्रत्येकाच्या नावापुढे यशस्वी की अयशस्वी एवढंच भरायचं असतं. दोनदा आठवण आली, तरी त्याच्या ओळीतला रकाना मी कोरा ठेवला आहे.