सदुसष्ट आणि अडुसष्ट

ऑडिओबुक बाहेर पडण्याआधी कुणीतरी ते शब्दन् शब्द ऐकतं. पुढ्यात मजकूर, कानावर हेडफोन, हातात पेन्सिल. हे काम मी करते. गिळलेलं अक्षर, पान उलटल्याची सळसळ, खुर्चीची करकर, सगळ्यावर खूण करायची. इतिहासाचं पुस्तक आलं की मी ते मागून घेते, कारण इतिहास वाचताना जी चूक सर्रास होते ती मला सहन होत नाही. पहिल्या पानापासून रणभेरीचा आवाज लावायचा. मग खरंच अंगावर काटा यावा अशी जागा येते तेव्हा आवाजात शिल्लक काहीच उरत नाही.

त्या दिवशी पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचं प्रकरण होतं. वाचणारे ज्येष्ठ, सगळं आयुष्य रंगभूमीवर गेलेलं. आम्ही त्यांना सर म्हणतो. तारीख १ जुलै १९१६. आधी आठवडाभर तोफांचा भडिमार, तरी काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत. सकाळी ७:२० ला ब्रिटिशांनी हॉथॉर्न टेकडीखाली पेरलेला सुरुंग उडाला आणि जर्मनांना दहा मिनिटं आधीच चाहूल लागली. ७:३० ला हल्ल्याच्या शिट्ट्या. सकाळी सरांनी हे सगळं प्रकरण एकाच चढ्या पट्टीत वाचून काढलं. ब्रिटिशांची त्या एका दिवसाची हानी ५७,४७०, त्यात मृत १९,२४०, हे वाक्यही त्याच पट्टीत, शेवटी किंचित हुंदका.

मी काचेपलीकडून म्हटलं, “सर, परत घेऊ या का?”

“का हो? एवढी माणसं मेली, सपाट वाचू?”

“सपाट नको सर. कुणाच्या तरी घरी निरोप सांगायला आलात, असं वाचा.”

ते थोडे दुखावले, मला दिसलं ते. पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. यावेळी आवाज खाली होता, शब्द सुटे सुटे. आकड्यांपाशी घाई नव्हती. छापील पुस्तकात डोळा आकड्यावरून घसरला तर मागे येतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून वाचणाऱ्यानेच तिथे थांबावं लागतं. मग ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या, आज कॅनडात असलेल्या न्यूफाउंडलंडच्या रेजिमेंटचा परिच्छेद आला. बोमाँ-हामेल गावाजवळ पुढे जायचे खंदक मृतांनी आणि जखमींनी तुंबले होते, म्हणून ही माणसं मागच्या खंदकातून थेट उघड्या रानात निघाली. सुमारे ८००. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ‘हजर’ म्हणणारे किती, तो आकडा उच्चारून सर थांबले. मीही बटण दाबायचं विसरले. दोन-तीन सेकंदांची ती शांतता तशीच रेकॉर्ड झाली.

संध्याकाळी मजकूर पुढ्यात घेऊन तपासायला बसले. छापलं होतं ६८. सर म्हणाले होते सदुसष्ट.

तीनदा ऐकलं. सदुसष्टच. दुपारी आवाजात इतकी गुंतले होते की कानावरून गेलं, माझ्याच कानावरून! सकाळच्या टेकमधला ‘अडुसष्ट’ कापून तिथे बसवून पाहिला. श्वास जुळेना, पट्टी जुळेना. वाक्याच्या मध्येच दुसरा माणूस बोलल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “राहू द्या ना. असं वाचणं रोज होत नाही. एकाचा तर फरक.”

मी म्हटलं, “सर, हजेरी आहे ती. तो एक जण हजर होता.”

त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग न बोलता आत जाऊन बसले आणि अख्खा परिच्छेद पुन्हा वाचला. आकड्याला अडखळले, परत घेतला. नीट झाला, स्वच्छ झाला, पण आदल्या दुपारचा आवाज काही आला नाही. दोघांनाही ते कळत होतं.

मी दोन्ही टेक एकामागोमाग ऐकवले. हेडफोन काढून ठेवत सर म्हणाले, “दुसरा लावा.”

आदल्या दिवशीची शांतता मात्र मी कापून आणली आणि अडुसष्टच्या मागे जोडली. ती जुळली.