तुम्ही विचारलंत म्हणून: घर उभं राहिलं, मग राहायला का जात नाही?

आमच्या घराकडे येणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. गावाबाहेर, मोकळ्या जागेवर, शक्य तितकं आपल्या हातांनी आम्ही घर बांधलं. छप्पर चढलं, दारं-खिडक्या बसल्या, बाहेरून बघणाऱ्याला घर तयार दिसतं. आत पाऊल टाकलं की कोऱ्या करड्या भिंती आणि उघडा कोबा. मग ओघाने येतंच, "एवढं मोठं काम उरकलंत, आतलंच का रेंगाळलंय?"

रेंगाळलेलं नाही, वाळतंय. आतल्या कामाचं वेळापत्रक घरातलं पाणी ठरवतं. हे मनाशी पक्कं झालं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

नव्या घरात पाणी किती असतं याचा सहसा अंदाज नसतो. सिमेंटच्या वजनाच्या निम्मं पाणी धरलं, तर 50 किलोच्या एका गोणीला 25 लिटर लागतं. रासायनिक क्रियेत सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण 23 टक्के, म्हणजे साडेअकरा लिटरच्या आसपास पाणी कायमचं बांधून घेतं. उरलेल्यातलं काही सूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं आणि बाकीचं हवेत जायची वाट बघत बसतं. त्यावर आपण गिलाव्याला आणि कोब्याला दिवसचे दिवस पाणी मारतो, आणि ते मारलंच पाहिजे. घरात गेलेल्या गोण्या मोजा, म्हणजे भिंतींत आणि जमिनीत किती पाणी दडलंय ते कळेल. हाताला भिंत कोरडी लागते, कारण हात लागतो तो वरचा पापुद्रा. आतली ओल बाहेर यायला तिच्या गतीनेच येते.

कोब्यासाठी बांधकामवाल्यांचा एक जुना आडाखा आहे: हवा खेळती असेल तर दिवसाला एक मिलिमीटर. 50 मिलिमीटरचा कोबा म्हणजे पाणी मारणं थांबवल्यापासून किमान 50 दिवस. थर त्याहून जाड असेल, तर पन्नासच्या पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला आणखी जास्त वेळ लागतो, कारण खालच्या ओलीला अंतर जास्त कापावं लागतं. हवा दमट असली की हा हिशेबही लांबतो. मोठे हीटर लावून घाई केली तर वरचा थर आधी आकसतो आणि भेगा पडतात. त्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मोकळ्यावर घर असण्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो: वारा अडवायला शेजारची भिंत नाही आणि दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या तरी रस्त्याची धूळ आत येत नाही.

कोबा खरंच वाळला का, हे बघायची एक साधी चाचणी आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा. चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट चिकटवायच्या, कुठेही फट ठेवायची नाही. संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारी उचलायचा, निदान सोळा तास तरी तो तसाच राहिला पाहिजे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले किंवा त्याखालचा कोबा आजूबाजूपेक्षा गडद दिसला, की ओल अजून वर येतेय. मी हा तुकडा प्रत्येक खोलीत लावते आणि खोलीच्या मध्यभागापेक्षा कोपऱ्यात आधी, कारण कोपऱ्यात वारा कमी पोचतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन खोल्या इथे वेगळं उत्तर देतात.

"थोडी ओल राहिली तर काय बिघडतं?" हा पुढचा प्रश्न. बिघडतं ते लाकडाचं आणि रंगाचं, आणि दोन्ही नंतर निस्तरायला फार जड जातात.

लाकूड कापून, रंधून, पॉलिश करून झालं तरी हवेतली ओल घेत-सोडत राहतं. हवेची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असली की लाकडात नऊ टक्क्यांच्या आसपास ओल राहते; 80 टक्के झाली की ती सोळाच्या घरात जाते. ओल बदलली की मापही बदलतं, आणि ते सगळ्या दिशांना सारखं बदलत नाही. लांबीत फरक जवळपास नसतोच. गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने थोडा पडतो आणि वाढवलयांच्या, म्हणजे खोडातल्या वर्तुळांच्या, कडेने त्याच्या साधारण दुप्पट. आता 15 सेंटिमीटर रुंदीची एक फळी घ्या. ओल्या घरात ती सोळा टक्क्यांवर बसवली आणि घर वाळल्यावर ती दहावर आली, तर लाकडाची जात आणि काप बघून ती दोन मिलिमीटरच्या आसपास आकसू शकते. एका फळीचं काही नाही. पण खोलीभर अशा फळ्या शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक सांध्यात फट पडते. ओल्या कोब्यावर फळ्या टाकल्या तर उलट प्रकार होतो: खालची बाजू फुगते, वरची नाही, आणि प्रत्येक फळीच्या कडा वर उचलल्या जातात. अनवाणी चाललं की पायाला कळतं. म्हणून आमची लाकडं आतल्याच खोलीत, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवली आहेत. ती घराच्या हवेला सरावतायत. ओलं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण, हीसुद्धा मोकळ्या जागेवरच्या घरात विसरून चालणारी गोष्ट नव्हे. तिला ओल हवी असते आणि ती बहुतेकदा मातीच्या नळ्या करत जमिनीतून वर येते.

रंगाची गोष्ट थोडी वेगळी. ताजा सिमेंटचा किंवा चुन्याचा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (pH) बारा-तेराच्या दरम्यान. तेलात अल्क मिसळलं की साबण होतो, आणि ओल्या गिलाव्यावरच्या तेलरंगात नेमकं हेच घडतं: रंग चिकट होतो, डाग धरतो, पापुद्रे सुटतात. जोडीला आतलं पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं आणि भिंतीला लोणा लागतो. कालवायला वापरलेलं पाणी खारं असेल तर आणखीच. पहिल्यांदा वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो.

मला स्वतःला भिंतीचा श्वास बंद न करणारे रंग आवडतात. चुन्याची सफेदी त्यात सगळ्यात जुनी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे तो थर भिंतीचाच भाग बनतो. सिलिकेट रंगांचंही तसंच. बव्हेरियातल्या आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी त्यांचं पेटंट 1878 साली घेतलं. तो रंग खनिज पृष्ठभागाशी रासायनिकरीत्या जोडला जातो आणि वाफेला वाट देतो. असा रंग देणार असाल तर भिंतीवर आधी प्लास्टिकसारखा प्राइमर मारू नका, मग त्याला धरायला काही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, मग नुसतं बसून राहायचं का? मुळीच नाही. गिलाव्याआधीची कामंच इतकी आहेत की त्यांना वेळ पुरत नाही, आणि माझ्या मते घर राहायला सोयीचं होणार की नाही ते तिथेच ठरतं. वायरिंगचे पाइप टाकायच्या आधी प्रत्येक खोलीच्या जमिनीवर खडूने पलंग, टेबल, कपाट खऱ्या मापाने काढावं. दार कुठल्या बाजूला उघडतं ते काढावं. मग रात्री त्या खोलीत अंधारात शिरावं आणि हात भिंतीवर आपोआप जिथे जातो तिथे बटणाची खूण करावी. नकाशावर ठरवलेली जागा आणि हाताने दाखवलेली जागा यांत चांगलं वीतभर अंतर पडतं. स्वयंपाकाच्या ओट्याचंही तसंच: कोपर दुमडून उभं राहिलं की कोपराच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली ओटा हवा. जो सर्वांत जास्त वेळ तिथे उभा राहणार, त्याचं कोपर धरावं.

पाइप बसले, की गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, भिंतीला मोजपट्टी उभी आणि आडवी लावून. वायर आणि नळ कुठून गेलेत हे पुढे कुठलाही कारागीर सांगू शकणार नाही, फोटो सांगेल. दोन-चार रिकामे पाइपही टाकून ठेवावेत. भिंत पुन्हा फोडायची तर गवंडी लांबून बोलवावा लागतो, आणि एका खाचेसाठी एवढ्या लांब यायला सहसा कोणी राजी होत नाही.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. वीट किंवा ब्लॉक जिथे काँक्रीटच्या कॉलमला किंवा बीमला भिडतो, त्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी ठोकून घ्यावी, दोन्ही बाजूंना नीट पुढे आलेली. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि जाळी नसेल तर नेमक्या त्या रेषेत सरळ भेग जाते. पुट्टीने ती कितीही भरा, ती परत येते.

गिलावा झाल्यावर भिंत बघायची ती रात्री. दिवसाच्या उजेडात सगळ्या भिंती सपाट दिसतात. अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा झोत टाकला, की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. त्या जागा पेन्सिलने गोल करून ठेवायच्या आणि गवंडी असेपर्यंतच दुरुस्त करून घ्यायच्या. जिथे भिंतीवर दिवा लागणार आहे तिथे तर हे करायलाच हवं, कारण तो दिवा रोज हीच परीक्षा घेणार.

न्हाणीघराबद्दल थोडक्यात. वॉटरप्रूफिंग झालं की मोरीचं तोंड बंद करून 24 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालून, बाजूंनी ओल येते का बघायचं. त्याआधी एकही फरशी बसू द्यायची नाही. उतार दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये बारीक फट सोडून ती लवचीक मसाल्याने भरावी, कडक ग्राउटने नाही.

आता अवघड भाग. गावापासून लांब घर बांधताना कामाचा क्रम बिघडतो तो बहुतेक वेळा माणसं मिळण्यावरून. गवंडी दुसऱ्या कामावर अडकलाय, सुतार मात्र या आठवड्यात मोकळा आहे, म्हणून कपाटं आधी लावून टाकू, असा मोह होतो. सुतार नंतर मिळणार नाही ही भीतीही खरी असते. तरीही माझं उत्तर ठाम आहे: सुताराला माप घेऊ द्यावं, त्याच्या कारखान्यात सांगाडे होऊ द्यावेत, पण घर वाळल्याशिवाय भिंतीला काही ठोकू देऊ नये. ओल्या भिंतीला पाठ लावून उभ्या केलेल्या कपाटामागे वारा पोचत नाही आणि बुरशी तिथेच धरते. शिवाय प्लायमधल्या युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो आणि उष्णता, दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली घरातल्या हवेसाठी याची मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम अशी घातली आहे, तीही अर्ध्या तासाच्या सरासरीला. नवं फर्निचर आणि बंद खिडक्या अशा घरात लहान मुलाला झोपवायची कल्पना मला सहन होत नाही. म्हणून फर्निचर आल्यावरही खिडक्या उघड्या ठेवून काही काळ घालवणार आहोत.

अर्धवट घरात राहायला जाऊन हळूहळू पुरं करा, असा सल्लाही मिळतो. तो टाकाऊ नाही. राहिल्याशिवाय ऊन कुठून येतं, कुठे बसावंसं वाटतं हे कळत नाही. पण राहायला लागलो की धुणं, अंघोळी, स्वयंपाक आणि श्वास यांची ओल त्याच हवेत मिसळते, आणि थंडी वाजली की आपण खिडक्या लावून घेतो. वाळणं तिथेच मंदावतं. राहायला जाऊन काय करता येतं? रंगाचा शेवटचा हात, शेल्फ, पडद्यांच्या दांड्या, हवं तर दरवाज्यांचं पॉलिश. राहायला जाण्याआधी काय संपायलाच हवं? घासून धूळ उडवणारं आणि पाणी लागणारं प्रत्येक काम.

मग कधी जाणार? झोपायच्या खोलीतल्या प्लास्टिकखाली आता थेंब येत नाहीत, तिथल्या फळ्या पहिल्यांदा बसतील. स्वयंपाकघराचा कोपरा अजून गडद उमटतोय. न्हाणीघर आणि झोपायची ही एक खोली पूर्ण झाली की आम्ही सामान हलवू. बैठकीतला कोबा त्यानंतरही काही काळ उघडाच राहील, तेव्हा भेटायला याल तर चपला घालूनच आत या.