भरलेल्या जखमेचा पेशंट परत येत नाही

मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर नवं मलम आणि नेहमीचं ड्रेसिंग, अशी तुलना करायची आहे. बारा आठवड्यांत ड्रेसिंगनं शंभरात ३० जखमा भरतात आणि मलमानं ४० भरतील, असं धरलं तर दोन्ही गटांत मिळून सातशेच्या वर पेशंट लागतात. एवढे घेऊनही मलमाचा खरा गुण चाचणीत दिसण्याची शक्यता ८० टक्केच. चाचणी सुरू व्हायच्या आधी ती कॉम्प्युटरवर चालवून बघणं, हे माझं काम. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत काल्पनिक पेशंट घेऊन हीच चाचणी दहा हजार वेळा चालवली, की दोन हजारांच्या आसपास वेळा चांगलं मलमही नापास होतं.

चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना काळजी होती पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. म्हणून कॉम्प्युटरवरच्या चाचणीत नदीकाठच्या गावांतल्या पेशंटांच्या पावसाळ्यातल्या तपासण्या मी गाळून बघितल्या. उत्तर धूसर झालं, पण वाकडं झालं नाही, कारण पाणी कोण कुठल्या गटात आहे हे बघून शिरत नाही. थोडे पेशंट वाढवले की भागतं.

खरी मेख ड्रेसिंगच्या सिस्टरांनी सांगितली. "मॅडम, जखम भरली की माणूस येतंय कशाला? म्हणतात, बरं झालंय की, आता कशाला हेलपाटा?"

तेही घालून बघितलं. बरे झालेल्यांतले निम्मे शेवटच्या तपासणीला आलेच नाहीत आणि न आलेल्यांची जखम भरली नाही असं नोंदवलं, तर ३० चे १५ होतात, ४० चे २०. दहाचा फरक पाचावर! ८० टक्क्यांची शक्यता चाळिशीवर घसरते. मलम जितकं गुणकारी, तितके त्याचेच पेशंट जास्त गायब. इथं पेशंट दुप्पट करूनही मलमाचा गुण निम्माच दिसणार.

शिरोळहून एसटीनं आलेली म्हातारी पट्टी सोडून दुखरा पाय पुढं करते. तिच्या त्या त्रासातून उत्तर निघणारच नसेल, तर चाचणी सुरू करू नये, असं मला ठाम वाटतं. हे सगळं पहिला पेशंट घ्यायच्या आधी कळतं, म्हणून मला या कामाचं मोल वाटतं.

आता आराखड्यात शेवटची तपासणी घरी जाऊन करायची असं घातलंय. सिस्टर जखमेचा फोटो काढतील आणि गट माहीत नसलेले डॉक्टर तो बघतील. बरे झालेल्यांतला दहात एकच हुकला, तर शक्यता पुन्हा पंचाहत्तरीच्या जवळ जाते. घरभेटींचा खर्च चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनी लगेच मान्य केला; चाचणीला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे सुधारित आराखडा सोमवारी जाईल.