बाबांना शिट्टी ऐकू आली

न्यू जर्सीत आमच्याकडे राहायला आल्यापासून बाबा गप्पांत नुसती मान डोलवायचे. त्यांना ऐकू कमी येतंय हे कळायला मला उशीर झाला, त्याचं अजून वाईट वाटतं. इथे पूर्वी श्रवणयंत्र म्हणजे आधी तपासणी, मग हजारो डॉलर असायचे. पण १७ ऑक्टोबर २०२२ पासून १८ वर्षांच्या आणि त्यावरच्यांना, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी, ही यंत्रं चिठ्ठीशिवाय थेट दुकानात मिळतात. एफडीएचा (अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा) हा नियम मला फार मोलाचा वाटतो. (ऐकू फारच कमी येत असेल तर मात्र तज्ज्ञाकडेच जावं.)

परवा शेंगदाण्याएवढं यंत्र त्यांच्या कानात बसवलं, मोबाइलवरून आवाज जुळवला. बाबा चमकून स्वयंपाकघराकडे वळले. "अगं, गॅस बंद कर, तिसरी शिट्टी झाली!"