फिल्टर लावला तरी गनमधून पाणी का येतं?

‘कॉम्प्रेसरला चांगला फिल्टर लावलाय, तरी पावसाळा लागला की स्प्रे गन पाण्याचे थेंब उडवते. मोठा फिल्टर घेऊ का?’ घरच्या खोलीत लाकूडकाम करणारे, सायकली रंगवणारे मला हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. पैसे घालवू नका. फिल्टर आहे तोच ठेवा, फक्त त्याची जागा बदला.

आपण मुंबईत राहतो, तेव्हा आधी हवेचा हिशेब बघा. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी. मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर सलग तासभर चालला, तर १२ घनमीटर हवा आत घेतो आणि तिच्याबरोबर पाव लिटरहून जास्त पाणी. ८ बारला दाबलेली हवा पुन्हा गार झाली की यातलं बहुतेक पाणी सोडून देते. देणारच. ती ते कुठे सोडते, एवढंच आपल्या हातात असतं.

पंपातून निघालेली हवा इतकी तापलेली असते की पंपापासून टाकीकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळीला बोट लावलं तर चटका बसेल. काम जोरात चालू असलं की टाकीतली हवाही कोमटच राहते. बरंचसं पाणी तोवर वाफेतच असतं, आणि आपण बहुतेकजण टाकीच्या तोंडाशीच फिल्टर बसवतो. चहाच्या गाळणीने वाफ कशी धरणार? ती आरामात पलीकडे जाते, लांब होजमध्ये गार होते आणि तुमच्या दाराच्या फळीवर थेंब होऊन पडते.

म्हणून आधी हवा गार करायची, मग पाणी धरायचं. माझ्या खोलीत टाकीतून लवचिक होजने हवा भिंतीवरच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपला जाते. तो पाईप अख्ख्या भिंतीभर फिरवलाय, दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर ढाळ देऊन, हवा ज्या दिशेने जाते त्याच दिशेला. टोकाला पाईप खाली उतरतो आणि तळाशी बॉल व्हॉल्व्ह आहे, पाणी तिथे साचतं. गनसाठीची हवा मात्र आडव्या पाईपच्या वरच्या अंगाने टी काढून घेतलीय, म्हणजे तळाने वाहणारं पाणी तिकडे वळत नाही. वॉटर सेपरेटर, म्हणजे पाणी धरणारा तुमचा तोच फिल्टर, या सगळ्यानंतर, आणि त्याच्या पुढे दाब उतरवणारा रेग्युलेटर. दाब उतरला की हवा पसरते आणि तिची आर्द्रता आणखी कमी होते, म्हणून हा क्रम उलटा करू नका. प्लंबर पीव्हीसी सुचवेल, स्वस्तही पडेल. साफ नकार द्या. दाबाखालची हवा भरलेला पीव्हीसी फुटला तर त्याच्या चिरफाळ्या अंगात घुसतात. जीआय, तांबं किंवा हवेसाठीच बनवलेला ॲल्युमिनियमचा पाईप घ्या. नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत सगळं सामान मिळतं.

भिंत तोकडी असेल तर पंप आणि टाकी यांच्यामध्ये पंख्यासह आफ्टरकूलर, म्हणजे तापलेली हवा गार करणारं साधन, बसवा. ओल शोषून घेणारं सिलिका जेल सर्वांत शेवटी, तेही फक्त रंगकामासाठी. ते ओल्या हवेपुढे ठेवलं तर बघता बघता संपतं. आणि टाकीचा ड्रेन कॉक रोज काम संपल्यावर, थोडा दाब शिल्लक असतानाच उघडा. आधी तपकिरी पाणी येईल, मग नुसती हवा. ते पाणी आत राहिलं तर टाकीचा पत्रा आतून गंजतो, बाहेरून पत्ताही लागत नाही.

आता एक गोष्ट, जिच्यापायी अनेकांनी उगाच हवा सुकवणारे ड्रायर घेतलेत. फिनिशवर बारीक खड्डे, ठिपके दिसत असतील तर लाईनमधलं पाणी किंवा पंपाचं तेल तपासा. रंग न भरता गन कोरड्या आरशावर थोडा वेळ चालवा, लगेच कळेल. पण लॅकर सगळीकडे दुधाळ, पांढुरका पडत असेल तर दोष लाईनचा नाही. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि खोलीतलाच दमटपणा त्यावर बसतो. त्याला कुठलाही फिल्टर पुरणार नाही. थिनरमध्ये थोडा रिटार्डर (थिनरचं उडणं मंदावणारं द्रावण) घाला, नाहीतर पाऊस उघडेपर्यंत थांबा. जुलैत मी बहुतेक वेळा थांबतोच, आणि तोवर पॉलिश पेपरचं काम उरकून घेतो.