पट्टी उभी पडली

गणपती गेले की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या गाळ्यात दिवाळी अंकांची कामं यायला लागतात. कविता वर्डमध्ये, जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवरून, संपादकांचं मनोगत शेवटच्या दिवशी हाताने लिहिलेलं. हे सगळं जुळवून छपाईला तयार पीडीएफ करायची आणि वागळे इस्टेटला प्रेसमध्ये धाडायची, हे मी सव्वीस वर्षं करते आहे. तरी तीन दिवाळ्यांपूर्वी एका टिकमार्कने माझी चांगलीच जिरवली.

अंक नेहमीचाच, सात बाय साडेनऊ इंची. कव्हरवर एका चित्रकाराने काढलेली बाई: नाकात नथ, कपाळाला ठसठशीत कुंकू, अंगावर जांभळी पैठणी. मागचं-पुढचं कव्हर आणि मधला कणा मिळून उघडं कव्हर सव्वाचौदा इंच रुंद. रात्री साडेअकराला पीडीएफ काढताना इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत ‘ऑल प्रिंटर्स मार्क्स’वर टिक केली. म्हटलं, सगळंच देऊन टाकू, कमी पडायला नको. कुठे कापायचं ते दाखवणारे क्रॉप मार्क, चार रंग जुळवायचे रजिस्ट्रेशन मार्क आणि पानाच्या वर रंगीत चौकोनांची पट्टी, म्हणजे कलर बार. फाइल दिसायला अगदी ‘प्रोफेशनल’. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

प्रेसमध्ये सीटीपीवर, म्हणजे फाइलवरून थेट छपाईची प्लेट काढणाऱ्या यंत्रावर बसणाऱ्या मुलाने फाइल उघडली, त्यात पट्टी दिसली. ‘मॅडमनी बार दिलाय’ असं म्हणून त्याने स्वतःचा बार लावलाच नाही. प्लेटा निघाल्या.

कागद होता १८ बाय २३ इंची, मशीन १९-२६. एका शीटवर दोन कव्हरं शेजारी-शेजारी, आणि ती बसावीत म्हणून काटकोनात फिरवलेली. पान फिरलं तशी माझी पट्टीही फिरली. शीटच्या रुंदीत जायच्या ऐवजी ती कागद मशीनमध्ये शिरतो त्या दिशेने उभी राहिली.

यात एवढं काय बिघडलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मशीनच्या शाईच्या डब्याला रुंदीभर चाव्या असतात. साधारण दर तीन सेंटिमीटरला एक. २३ इंची कागदाला वीसच्या आसपास चाव्या लागतात, आणि प्रत्येक चावी आपल्याखालच्या पट्ट्यातली शाई कमी-जास्त करते. म्हणून कलर बार शीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा हवा: प्रत्येक चावीखाली निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे सगळ्यांचे भरीव चौकोन यायला हवेत. मशीनमन त्यावर डेन्सिटोमीटर, म्हणजे शाईची दाटी मोजणारं मीटर, ठेवत जातो आणि कुठली चावी उघडायची, कुठली बंद करायची ते ठरवतो. माझ्या दोन उभ्या पट्ट्यांतले सगळे चौकोन मिळून दोन चाव्यांखाली आले. उरलेल्या अठरा चाव्यांचं काय चाललंय ते बघायला डोळ्यांशिवाय काही नव्हतं. आणि डोळे रात्रपाळीचे.

दोन हजार अंकांची कव्हरं छापून, लॅमिनेट होऊन, कापून बायंडरकडे गेली. तिथे शीटवरच्या डाव्या-उजव्या कव्हरांचे गठ्ठे एकमेकांत मिसळले. संपादकसाहेब डोंबिवलीहून पहिले दहा अंक घ्यायला आले, त्यांनी सहज दोन अंक शेजारी ठेवले आणि म्हणाले, “ही बाई उन्हातून आल्यासारखी दिसतेय, आणि ही तापातून उठलेली.”

खरंच तसं होतं. एकीकडे किरमिजी जास्त बसली होती. कुंकू लालबुंद, गाल तांबूस. दुसरीकडे कुंकू विटकरी. संपादक सज्जन, नव्याने छापा म्हणाले नाहीत. पण बिलातून जे कापलं ते कापलंच, आणि त्यातला अर्धा वाटा मी घेतला.

दुसऱ्या दिवशी मशीनमन काकांनी मला बोलावलं. ऐन सप्टेंबर, बाहेर धो-धो पाऊस, आणि काका कागदाच्या थप्पीला प्लॅस्टिक गुंडाळत होते. दमट हवेत कागद पाणी पितो, कडा लहरी होतात आणि मग चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. ते आटपून त्यांनी शीट टेबलावर पसरली, भिंग माझ्या हातात दिलं.

“ताई, ही तुमची पट्टी. यात राखाडी कुठला आहे?”

मी बोट ठेवलं. काळ्याचे दहा-दहा टक्क्यांनी चढत जाणारे चौकोन होते.

“हा नुसता काळा आहे. मला तीन रंगांचा राखाडी लागतो.”

मग त्यांनी स्वतःचा बार असलेली जुनी शीट काढली. निळा ५० टक्के, किरमिजी ४०, पिवळा ४०, असा एक चौकोन, आणि त्याच्या शेजारी काळ्याचा ५० टक्क्यांचा. तिन्ही रंग तोलात असले की दोन्ही चौकोन जवळजवळ सारखे दिसतात. किरमिजी जरा चढली की पहिला लगेच गुलाबीकडे झुकतो. मीटर लावायच्या आधी डोळ्याला कळतं. पुढे एकावर एक छापलेले लाल, हिरवा, निळसर जांभळा. त्यावरून दुसरी शाई पहिलीवर नीट चढली का ते समजतं. आणि ५० टक्क्यांचे चौकोन, म्हणजे निम्मी जागा शाईच्या बारीक ठिपक्यांनी भरलेले, ठिपका किती फुगतोय ते बघायला, कारण चांगल्या आर्ट पेपरवरसुद्धा पन्नासचा ठिपका छापून पासष्टच्या आसपास जातो.

“पट्टी पानाची नसते, शीटची असते,” काका म्हणाले. “शीट कशी बसवणार ते तुम्हाला घरी बसून काय माहीत? मला माझी लावू द्या.”

मला एकदम जुनी पेस्टिंगची टेबलं आठवली. फिल्मच्या काळात मी एका आउटपुट सेंटरला होते. आम्ही पानांच्या पॉझिटिव्ह फिल्म काढून द्यायचो, आणि प्रेसमधला पेस्टिंगवाला ती काचेच्या टेबलावर जुळवायचा. त्याच्या खणात एका पाकिटात कलर बारची फिल्म असायची. अस्सल, महागाची, तिला तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. काही जण पैसे वाचवायला तिची कॉपी काढायचे, मग कॉपीची कॉपी, आणि ठिपके असे बिघडायचे की त्या पट्टीवरून मोजलेलं सगळंच खोटं. तेव्हाही पट्टी डिझायनरच्या टेबलावर कधीच नव्हती. ती आमच्याकडे आली एका चौकोनातल्या टिकेमुळे. सोपी झाली म्हणून आपलीशी वाटली, एवढंच.

आता मी फक्त क्रॉप मार्क ठेवते, आणि तेही लांब. इनडिझाइन ते आपणहून पानापासून २ मिलिमीटरपेक्षा जरा जास्त अंतरावर ठेवतं आणि आपण ब्लीड, म्हणजे पानाच्या कडेबाहेर सोडलेलं जादा चित्र, देतो ३ मिलिमीटर. म्हणजे खुणेचं टोक ब्लीडमध्येच घुसतं, आणि कटिंगवाल्याचा हात किंचित हलला तर अंकाच्या कोपऱ्यात काळी रेघ. मी अंतर ५ करते. श्रीलिपीच्या फॉन्टमधला मजकूर असलेल्या जाहिराती कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच घेते, नाहीतर ‘हार्दिक शुभेच्छा’चं काय होईल सांगता येत नाही. एकदा एका जाहिरातदाराने आपला फोन नंबर ‘रजिस्ट्रेशन’ रंगात टाकला होता, म्हणजे चारही शाया शंभर-शंभर टक्के. छापून तो नंबर असा पसरला की आठ आणि तीन ओळखू येईनात. हा मात्र मी प्लेटा निघायच्या आधी पकडायला हवा होता, आणि पकडला नाही.

घरच्या ग्रुपवर दरवर्षी तो फॉरवर्ड येतो, टूथपेस्टच्या ट्यूबवरच्या हिरव्या किंवा काळ्या चौकोनावरून म्हणे आत औषधी आहे की केमिकल ते कळतं. मी दरवर्षी लिहिते की ती मशीनच्या सेन्सरसाठीची खूण आहे, बाकी काही नाही. आत्या दरवर्षी नमस्काराचा हात पाठवतात.

यंदा त्याच अंकाचं कव्हर पाठवताना फाइलच्या नावात मुद्दाम ‘बिनपट्टी’ लिहिलं. अर्ध्या तासात प्रेसमधून फोन. सीटीपीवर नवा मुलगा आलाय.

“मॅडम, ते बिनपट्टी म्हणजे पार्टीचं नाव का? बिल त्यांच्या नावाने करू?”